केसांची आदोळी

समीक्षाची पहिली बस चुकली ती सासूच्या केसांपायी, आणि बस चुकली की माणसाच्या तोंडून नको ते निघतं.

रोज सकाळी घराच्या पायरीवर हा कार्यक्रम ठरलेला असायचा. सासू खालच्या पायरीवर, सून वरच्या. सुनेच्या हातात दांतोणी म्हणजे कंगवा, ओठांत केसांचे आकडे, आणि कान वळणावरच्या हॉर्नकडे. चंद्रावतीचे केस म्हणजे गावाने नाव काढावं असे. साठी जवळ आली तरी कमरेखाली पोचणारे, खोबरेल पिऊन जड झालेले. ते विंचरायचे, त्यांची वेणी घालायची, वेणीचा अंबाडा वळायचा. तेवढ्यात चुलीवर भात शिजून व्हावा. त्या दिवशी एक गाठ सुटता सुटेना. हॉर्न वाजला, बस आली आणि गेलीसुद्धा.

"आई," समीक्षा ओठांतले आकडे काढत म्हणाली, "कापूया न्हय हे? मानेमेरेन. ती पार्लरवाली अंकिता घरा येऊन कापता. तुमकांय सोपें, म्हाकाय सोपें."

समीक्षा साखळी गावची. मुलगी मनाने चांगली. पण कंपनीत उशीर झाला की चारचौघींसमोर बोलणी खावी लागत, आणि नवरा मुरगावला बंदरावर, रविवारपुरता घरी. तिचं तरी काय चुकलं? पण शब्द ऐकून चंद्रावतीला कुणीतरी उंबऱ्यावर थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिने डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढला आणि गोठ्याकडे चालती झाली.

डाव्या हाताने, कारण उजवा नावापुरताच उरला होता. पाऊस सरताना भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येताना ती घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. हाड जुळलं, पण खांदा आखडला. तो हात रोप लावी, भाकरी थापी, चुलीत लाकूड सारी. छातीच्या वर मात्र तसूभर जात नसे. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा, ते पेडण्याच्या बाजारातली वांगीवालीही सांगते.

कृष्णनाथने हे सगळं बलकांवात बसून ऐकलं. बलकांव म्हणजे घरापुढचा बसायचा ओटा, आणि कृष्णनाथ म्हणजे चंद्रावतीचा नवरा. डिचोलीकडच्या खाणीवर फिटर होता. खाण थांबली, तो पेटीभर पाने-पकडी घेऊन घरी आला, आणि तेव्हापासून घरातली एकही वस्तू मूळ रूपात राहिली नव्हती. त्याने पाववाल्या पोदेराचा गोल उंडा चहात बुडवला होता, तो बुडलेलाच राहिला.

"कापूचे?" तो ओरडला. "कित्याक कापूचे? हात पोचणा नाय तर हात लांब करूया! चंद्रा, माका फक्त आठ दिवस दी!"

"आठ दिवसांनी पौष लागता," गोठ्यातून आवाज आला.

खरी गोम तीच होती. पौषात वाड्यावरच्या बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, जमून धालो खेळतात, गातात-नाचतात, आणि मांडावरचा पहिला दिवा चंद्रावती लावते. हा मान तिच्या सासूकडून तिच्याकडे आला. त्याची त्या वाड्यावरची रीत अशी की, दिवा लावणारीने त्या दिवशी न्हाऊन आपले केस आपणच विंचरायचे, आपणच बांधायचे, अबोलीची फाती म्हणजे गजरा आपणच माळायचा. दिवा लागेपर्यंत तिच्या केसांना दुसऱ्याचा हात लागायचा नाही. का, ते कुणी विचारत नाही. मोकळे केस चालत नाहीत, आणि कापलेल्यांचं तर नावच नको. यंदा तिला जमलं नाही तर दिवा धाकट्या जावेकडे, वत्सलाकडे जाणार होता. आणि असा मान एकदा गेला की गेला.

वायंगणी भाताची लावणी चालू होती. त्याच दुपारी चिखलात वाकून रोपं लावताना चंद्रावतीचा सुनेने सकाळी निघताना घाईने बांधलेला अंबाडा सुटला आणि वेणी सपकन चिखलात पडली. ती सरळ झाली, डाव्या हाताने वेणी खांद्यामागे टाकली. वाकली की पुन्हा पडली. शेवटी शेजारच्या वाफ्यातून वत्सला आली, वेणीतला चिखल निपटून काढला, आणि लहान मुलीचे बांधावेत तसे ते केस सगळ्या बायांसमोर गच्च बांधून दिले.

"वयनी, वायट वाटान घेव नको," ती म्हणाली. "यंदा दिवो मी लावतंय. तुझो हात असो. आणि दिवो उजव्याच हातान लावचो लागता."

तिच्या बोलण्यात कळवळा होता, आणि थोडी घाईही होती. चंद्रावतीने दोन्ही ऐकलं. "बघूया," एवढंच म्हणाली आणि उरलेला वाफा मान वर न करता लावून टाकला.

घरी आली तर कृष्णनाथ दारातच उभा. हातात जुन्या छत्रीचा दांडा, दांड्याच्या टोकाला तारेने आवळलेली दांतोणी.

"बस! बस! हात खालीच ठेव, आणि फक्त दांडो फिरय!"

तिने बसून दांडा फिरवला. दांतोणी आधी कानावर बसली, मग हवा विंचरून आली, तिसऱ्या खेपेला केसांत शिरली आणि तिथेच राहिली. दांडा हातात, दांतोणी डोक्यात. कोंबड्याला तुरा यावा तशी ती डोक्यावर घेऊन चंद्रावती नवऱ्याकडे पाहत बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू फुटलं.

हसली म्हणून कृष्णनाथला चेव आला. दांडा वाकवून पाहिला, मग दोन दांडे जोडले, मग सायकलच्या ब्रेकची तार लावली. शेजारपाजारची माणसं चहाच्या निमित्ताने बलकांवात येऊन बसू लागली. शेजारचा भिकाजी, कंबर धरल्यामुळे स्वतःच्या पायाच्या नखांना मुकलेला म्हातारा, रोज येऊन सल्ला देई. "अरे, तेका गिअर घाल," तो म्हणे. गिअर म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

गिअर नाही, पण मोटर आली. मोडीत काढलेल्या ट्रकच्या वायपरची मोटर कृष्णनाथने कुठूनशी आणली, तिला गोल ब्रश बसवला. ब्रश फिरू लागला तेव्हा तो स्वतः टाळ्या वाजवत होता. चंद्रावतीने भीत भीत केस पुढे केले आणि पुढच्याच क्षणी ते गर्रकन गुंडाळले जाऊन तिचं डोकं मोटरला चिकटलं. भिकाजीने बोंब मारली. कृष्णनाथने वायर उपटली. पण गुंता इतका घट्ट बसला होता की बट सोडवता येईना. शेवटी कात्री आणावी लागली.

हातभर लांबीची बट कृष्णनाथच्या तळव्यावर पडली. भिकाजी चपला घालून गुपचूप निघून गेला.

"पुरे," चंद्रावती म्हणाली. तिने ती बट घेतली, गाठ मारली आणि आत नेऊन ट्रंकेत ठेवली. "दिवो वत्सलाक देवा. उद्या अंकिताक बोलवा."

कृष्णनाथने मोटर उचलून कोपऱ्यात ठेवली. ज्या माणसाची जीभ झोपेतही चालते तो माणूस गप्प बसला, तेव्हा घर खायला उठलं. त्याला वाईट वाटत होतं ते यंत्र फसल्याचं नव्हे. लग्नात त्याने ते केस पहिल्यांदा पाहिले होते, आणि कात्री त्याच्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी समीक्षा अंधारातच निघून गेली. जाताना तिने सासूकडे पाहिलं, सासूने चुलीकडे. केस बांधायचे राहिले ते राहिलेच. माशाच्या हुमणाला नारळ हवा म्हणून चंद्रावती मोकळ्या केसांनीच आदोळीवर बसली.

आदोळी प्रत्येक घरात असते. बसायचा पाट, त्याला विळीचं पातं, पात्याच्या टोकाला दातेरी चकती. पाटावर बसून आदोळी वजनाने दाबून धरायची आणि नारळाची कवड दातांवर फिरवायची. चंद्रावती डाव्या हाताने कवड फिरवत होती. खोबरं ताटलीत पडतंय की बाहेर, म्हणून ती वाकली, आणि खांद्यावरची एक बट चकतीच्या दातांत जाऊन बसली.

"शिरा पडो तुझ्या तोंडार," ती आदोळीला म्हणाली. हातात कवड होती म्हणून तिने नुसतं डोकं मागे घेतलं. बट दातांमधून सरकत बाहेर आली. कालपासूनची एक गाठ होती, तीही सुटली.

चंद्रावती थांबली. कवड खाली ठेवली. चकती पदराने पुसली, पुन्हा वाकली, जाणूनबुजून बट दातांत सोडली, आणि डोकं मागे घेतलं. बट सरळ. हात लागला नव्हता, ना डावा ना उजवा.

"अवो!" तिने अशी हाक मारली की परसातल्या कोंबड्या उडाल्या. "अवो, हय येवा! बेगीन येवा!"

कृष्णनाथ दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच, हातात वस्तरा, तो धावत आला. त्याला वाटलं बोट कापलं.

"आदोळी हलता?" तिने विचारलं.

"काय?"

"खोबरा काढताना आदोळी हलता काय, सांगा!"

"नाय हलना."

"मग हलता काय?"

"नारळ."

"मगे! इतके दिवस तुमी आदोळी हलयत होतात! दांतोणी एका जाग्यार रवांदे. डोका हलयतलंय मी!"

कृष्णनाथने वस्तरा खाली टाकला. साबणाच्या हाताने स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की फेस भिंतीवर उडाला. "चंद्रा," तो ओरडला, "तुझा डोका म्हणजे नारळ!"

दुसऱ्या कुठल्या घरात यावरून भांडण पेटलं असतं. इथे चंद्रावती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

अर्धी दाढी तशीच राहिली. बलकांवाच्या लाकडी खांबापाशी कृष्णनाथने तिला स्टुलावर बसवलं आणि खांबावर कोळशाने खूण केली. रुंद दातांची लाकडी दांतोणी, दात बाहेर करून, बिजागरीवर बसवली. मागे स्प्रिंग घातली, म्हणजे गाठ आली की दांतोणी जरा मागे सरावी, केस ओढले जाऊ नयेत. चंद्रावती मान तिरकी करी, पाठ मागे घेई, आणि केस दातांतून सुळसुळत निघत. "वर! थोडी वर घेवा! आता डावीकडे!" आता हुकूम तिचे होते आणि फिटर पळत होता. डाळ करपली, कुणाला पत्ता नाही.

विंचरून झाल्यावर तिने सगळे केस डाव्या खांद्यावरून पुढे छातीवर घेतले. छातीपर्यंत तर उजवा हात येतच होता. तिने तीन पेड केले. इतके दिवस रिकामी बसलेली उजवी बोटं क्षणभर अडखळली आणि मग आपोआप चालू लागली. वेणी विसरली नव्हती ती. चंद्रावतीने नवऱ्याकडे पाहिलं नाही, कारण तिला रडू आलं होतं आणि तो ते पाहून आणखी काहीतरी बनवायला घेईल अशी तिला भीती होती.

आता अंबाडा. डाव्या हाताने वेणी मागे नेऊन वळता येई. पण आकडा घ्यायला हात सोडला की अंबाडा सुटे. वळला, सुटला. पुन्हा वळला, पुन्हा सुटला. कृष्णनाथ चिमटे आणायला धावला, चिमटे मोठे निघाले. शेवटी वैतागून ती मागे खांबाला टेकली, आणि टेकली तशीच राहिली.

"काय झाला?"

"गप रवा. खांबान धरल्यान."

डोकं आणि खांब यांच्यामध्ये अंबाडा दाबून बसला होता. तिने डावा हात मोकळा केला, मांडीवरचा आकडा उचलला आणि बाजूने खुपसला. मग दुसरा. मग तिसरा. खांबापासून डोकं हळूच सोडवलं. अंबाडा जागच्या जागी.

कृष्णनाथने आनंदाने जी आरोळी ठोकली ती ऐकून भिकाजी कंबर विसरून धावत आला.

दुसऱ्या दिवशी खांबाला अंबाड्याच्या मापाचा खळगा पडला, त्यात सुती गादी आली, आणि डाव्या बाजूला काथ्याची उशी, आकडे टोचून ठेवायला. भिकाजीने त्यातून स्वतःपुरता धडा घेतला. कृष्णनाथने त्याला नखं कापायचं यंत्र एका फळीवर बसवून दिलं; फळी स्टुलावर, पाय फळीवर, आणि वरून काठीने दाबायचं. न्हाणीघराच्या खांबाला वाळलं घोसाळं ठोकून दिलं. भिकाजी त्यावर पाठ घासू लागला की त्याचा 'आहाहा' रस्त्यापर्यंत ऐकू येई. "म्हशीक जा कळता ता आमका कळाक इतकी वर्सा लागली," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

समीक्षाने हे सगळं दोन दिवस लांबून पाहिलं. तिसऱ्या सकाळी सासू उठून बाहेर आली तर सून स्टुलावर बसलेली, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पाव, आणि डोकं मागेपुढे करून केस विंचरून घेतेय.

"बस चुकची न्हय म्हणून," ती ओशाळून म्हणाली. मग कप खाली ठेवला. "आई, त्या दिसा म्हजें चुकलें."

"पाव खा आधी," चंद्रावती म्हणाली. "थंड झालो."

मांडाचा दिवस आला. चंद्रावती न्हाली, केस वाळवले, स्टुलावर बसली. समीक्षाने रजा टाकली होती. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी, चुकून लागायला नकोत म्हणून. कृष्णनाथचेही हात पाठीमागे. दोघांचे ओठ मात्र प्रत्येक आकड्याबरोबर हलत होते. फातीची युक्ती समीक्षाची: अबोली ओवताना दोऱ्याला दोन्ही टोकांना फास ठेवले होते. एक फास एका आकड्यात, दुसरा दुसऱ्यात, म्हणजे गाठ मारायला नको. अंबाड्याभोवती ती केशरी फाती बसली तेव्हा कृष्णनाथने तोंड फिरवलं आणि उगाच पाने-पकडी पेटीत भरू लागला.

तिन्हीसांजेला बायका मांडाकडे निघाल्या. मांडावर पुरुषाने पाऊल टाकायचं नसतं, म्हणून कृष्णनाथ चिऱ्यांच्या गडग्याअलीकडेच राहिला, टाचा उंच करून. सारवलेल्या मांडाच्या मधोमध समई ठेवलेली. वत्सला तेलाची वाटी घेऊन तयार. ती चंद्रावतीच्या केसांकडे पाहतच राहिली.

"तुया बांधलस? तुया स्वता?"

"मिया नि आदोळेन," चंद्रावती म्हणाली आणि नमस्काराला वाकली.

वाकायला नको होतं इतकी वाकली. आकडा सरकला. फातीचं एक टोक सुटून गालावर आलं आणि अंबाडा मानेवर घसरू लागला. वत्सलाचा हात आपसूक पुढे आला. सवयीचा हात, त्यात पाप नव्हतं.

"हात नको!"

चंद्रावतीच्या आवाजाने वत्सलाचा हात हवेतच थांबला. बोटं केसांपासून वीतभर अंतरावर होती. तेल हिंदकळून मनगटावर आलं. आता काय? खांब घरी, गादी घरी, आकड्यांची उशी घरी. गडग्यापलीकडे कृष्णनाथने डोक्याला हात लावला. एवढं सगळं बनवलं, पण अंगणाबाहेर नेता येईल असं काही बनवलं नाही!

चंद्रावतीने डाव्या हाताने अंबाडा सावरून धरला आणि इकडेतिकडे पाहिलं. मांडाच्या कडेला माड होता. सरळ, जाडजूड, सगळ्यांच्या सासवांनी पाठ टेकलेला. ती तशीच मागे मागे चालत गेली, माडाला टेकली, डोकं दाबलं. हात मोकळा केला. लोंबणारी फाती उचलली, फास आकड्यात अडकवला, आकडा बाजूने आत सारला. मग तिने माडापासून डोकं सोडवलं आणि मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. अंबाडा ढिम्म.

"शाबास गो चंद्रा!" गडग्यापलीकडून आरोळी आली.

"कोण तो मेलो?" बायका एकदम ओरडल्या. "पळ! पळ थयसून!" कृष्णनाथ पळाला, पण हसण्याचा आवाज पळताना थांबला नाही, आणि मांडावरच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

वत्सलाने वाटीतलं तेल समईत ओतलं, वात सारखी केली आणि काडेपेटी पुढे केली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "वयनी, एक घोसाळा आमच्याय खांबाक मारूक सांग. माझे पाय माका पोचणत नाय."

"पौष होवंदे," चंद्रावती म्हणाली. "आठ दिवसात करतले."

मग ती समईपुढे बसली. दिवा उजव्याच हाताने लावायचा असतो, आणि समई जमिनीवर असते. तिथवर तिचा उजवा हात सहज पोचला.